अधारताल : पाणी आणि जमीन

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या उत्तर भागात, कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अधारताल नावाचे एक छोटे स्थानक आहे. त्याच नावाची मोठी वस्ती त्याच्या आसपास पसरली आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ मध्ये याच परिसरात स्थापन झाले. रिछाईची औद्योगिक वसाहतही येथून जवळ आहे. टपालाच्या पत्त्यावर, रिक्षात आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘अधारताल’ हा शब्द रोज हजारो वेळा येतो. पण त्यातील ‘ताल’ म्हणजे तलाव, ही गोष्ट तो उच्चारणाऱ्याच्या मनात क्वचितच येत असेल.

या तलावाची कथा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. गढा-मंडला येथे त्या काळी गोंड राजांचे राज्य होते. राजा दलपतशाहच्या मृत्यूनंतर राणी दुर्गावतीने राज्यकारभार हाती घेतला आणि १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखान याच्याशी लढताना तिने प्राण दिले. या राणीने आपल्या नावाने राणीताल बांधला, तिच्या दासीने चेरीताल बांधला आणि तिचा दिवाण अधारसिंह याने अधारताल बांधला, असे जबलपुरात परंपरेने सांगितले जाते. ‘चेरी’ म्हणजे दासी. राणी, दिवाण आणि दासी या तिघांनाही आपले नाव तलावाला द्यावेसे वाटले, यावरून त्या काळी तलाव बांधण्याला किती मान होता, हे दिसून येते.

जबलपूरची ओळख ‘बावन्न तालांचे शहर’ अशी करून दिली जाते. बावन्न हा आकडा मोजणीचा आहे की कौतुकाचा, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तलाव पुष्कळ होते यात शंका नाही. शहराच्या वस्त्यांची नावेच त्याची साक्ष देतात. आज राणीताल म्हटले की लोकांना क्रीडांगण आठवते, भंवरताल म्हटले की उद्यान आठवते. चेरीताल आणि हाथीताल या तर दाट वस्त्याच झाल्या आहेत. अधारतालात मात्र अजून पाणी आहे. चारी बाजूंनी घरांनी वेढलेले असले, तरी आहे. पाण्याची जागा हळूहळू नुसते नाव कसे होते, हे समजून घेण्यासाठी अधारतालसारखे दुसरे ठिकाण शोधावे लागणार नाही. त्यासाठी प्रथम हे तलाव मुळात कशासाठी बांधले गेले, ते पाहिले पाहिजे.

पाऊस चार महिन्यांचा, गरज बारा महिन्यांची

जबलपूर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा लहान नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी जमा होते. म्हणजे १,३०० मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर एक कोटी तीस लाख लिटर पाणी पडते. अडचण पावसाच्या प्रमाणाची नाही, वेळेची आहे. यातील बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यातच मदनमहालसारख्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. अशा कठीण खडकात पाणी फार मुरत नाही. ते उतारावरून वेगाने खाली येते आणि ओढ्यांमधून नर्मदेच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या वाटेला लागते.

म्हणून टेकडीच्या पायथ्याशी किंवा नैसर्गिक खोलगट जागी मातीची पाळ घालून पाणी अडवले जात असे. तलाव म्हणजे केवळ पाणी साठलेला खड्डा नव्हे. त्याला तीन अंगे असतात. पहिले अंग पाणलोटाचे, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत तलावात येतो, ती सगळी जमीन. दुसरे अंग पाळ आणि तिच्याआड साठलेले पाणी. तिसरे अंग सांडव्याचे, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ती वाट. पुष्कळ ठिकाणी वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई आणि अशी तलावांची साखळी तयार होई. पाणलोट पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. लोकांना तलाव म्हणून दिसते ते फक्त पाणी. त्या पाण्याला जन्म देणारी जमीन मात्र कोणाचे शेत, कोणाची पडीक जागा, तर कोणाचा भूखंड म्हणून वेगवेगळ्या नावांवर नोंदलेली असते.

तलाव कोणाचा?

तलाव एकदा बांधला की काम संपत नाही. गाळ काढावा लागतो, पाळीला पडलेली भगदाडे बुजवावी लागतात, सांडवा मोकळा ठेवावा लागतो. ही कामे कोण करीत असे, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील पूर्व विदर्भाकडे पाहिले, तर चित्र अधिक स्पष्ट होते. जबलपूर आणि विदर्भ यांचा इतिहास बराच काळ एकत्र चालला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर प्रथम सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूर, भंडारा आणि चांदा हे जिल्हे एकाच प्रशासनाखाली होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात तेथे कोहळी समाजातील जाणकारांनी तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळत असे, असे सांगितले जाते. म्हणजे पाणी निर्माण करणे आणि जमीन मिळणे या दोन गोष्टी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार हा गावच्या तलावाचाही मालक ठरला. त्यामुळे या तलावांना ‘मालगुजारी तलाव’ किंवा ‘मामा तलाव’ हे नाव पडले. मालगुजारीत अन्याय पुष्कळ होता आणि ती गेली हे योग्यच झाले. तथापि १९५१ मध्ये ती पद्धत रद्द होऊन तलाव शासनाकडे आले, तेव्हा देखभालीची जुनी घडी मोडली आणि नवी लवकर बसली नाही. तलाव सरकारचा झाला, म्हणून गाव मागे सरले. सरकारच्या दृष्टीने तो हजारांतील एक होता. गाळ साठत गेला. कोरड्या पडलेल्या काठावर पिके घेतली जाऊ लागली आणि तेथील अतिक्रमण दर वर्षी थोडे थोडे आत सरकू लागले.

नळ आला आणि तलाव मागे पडला

जबलपुरात याच्या जोडीला आणखी एक कारण घडले. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे पूर्ण झाला आणि शहर वेगाने वाढू लागले. पुढे १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ९० हजार होती; २०११ च्या जनगणनेत ती महानगरपालिका क्षेत्रात साडेदहा लाखांवर गेली.

एवढ्या लोकांना गल्लीतल्या तलावाचे पाणी पुरणार नव्हते आणि ते पिण्यास सुरक्षितही राहिले नव्हते. १८८३ मध्ये शहराबाहेरील खंदारी जलाशयातून नळाने पाणी आणण्यात आले. नंतर परियट जलाशयाची भर पडली आणि त्यानंतर नर्मदेचे पाणी उचलण्यात येऊ लागले. नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. या धरणाच्या जलाशयाची झळ मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना बसली. जवळचे फुकटचे पाणी हातचे घालवायचे आणि त्याच वेळी दूरच्या पाण्यासाठी दूरच्या लोकांची जमीन बुडवायची, हा व्यवहार शहरांच्या हिशेबवहीत सहसा एका पानावर लिहिला जात नाही.

नळाचे पाणी ही मोठी सोय आहे. पटकीसारख्या रोगांपासून तिने असंख्य लोकांना वाचवले. पण नळ घरात आला की तलावाचा उपयोग संपला, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः पिण्याचे पाणी देणे हे तलावाच्या अनेक कामांपैकी एकच काम होते. आजूबाजूच्या विहिरींना पाझर देणे, मुसळधार पावसात जास्तीचे पाणी काही काळ थोपवून धरणे, गुरांची, धुण्याची आणि मासेमारीची सोय करणे, ही कामे नळ करू शकत नाही.

तलाव एका दिवसात कोणी बुजवत नाही. प्रथम त्याच्या पाणलोटात घरे उठतात. छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पाणी गटारात जाते. तलावात येणारी वाट अरुंद होते. मग पावसाच्या पाण्याऐवजी त्याच वाटेने सांडपाणी येऊ लागते. उन्हाळ्यात काठ उघडा पडतो, तेथे राडारोडा टाकला जातो. काही वर्षांनी सपाट झालेली ती जागा विकायला निघते. ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घालून तेथे घर बांधले, त्याच्या दारात पहिल्या मोठ्या पावसात गुडघाभर पाणी येते. पाणी घरात शिरले, असे ते कुटुंब म्हणते. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर घरच पाण्याच्या जागेत शिरलेले असते. यात त्या कुटुंबाचा दोष नसतो. स्वस्त जमीन स्वस्त का आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हिरवे पाणी

सांडपाण्याने भरणाऱ्या तलावाची एक खूण दुरूनही ओळखता येते. त्याच्या पृष्ठभागावर जाड, चकचकीत हिरवी पाने आणि जांभळी फुले दिसू लागतात. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतात आली. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य होय. अनुकूल परिस्थितीत ती दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. तिच्या आच्छादनाखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि डास वाढतात.

अधारतालच्या परिसरातच तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाते. जलपर्णी काढण्याचे तीन मार्ग आहेत. हाताने किंवा यंत्राने ती बाहेर काढता येते, औषध फवारून मारता येते किंवा तिच्यावरच जगणारे कीटक सोडता येतात. नियोकेटिना नावाचा भुंगा जलपर्णीची पाने कुरतडतो आणि त्याची अळी देठ पोखरते. हे भुंगे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस भारतात आणण्यात आले. पाण्यावर तरंगणाऱ्या साल्व्हिनिया नावाच्या दुसऱ्या तणावरही अशाच एका भुंग्याचा उपयोग या संस्थेने केला आहे. हा मार्ग स्वस्त आहे आणि पाण्यात विष जात नाही. पण तो सावकाश चालतो. आज भुंगे सोडले आणि उद्या तलाव स्वच्छ झाला, असे होत नाही. त्याला काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत काळ जातो. आणि तलावात येणारे गटार तसेच चालू ठेवले, तर जलपर्णी पुन्हा येते. भुंगा तण खातो, सांडपाणी खात नाही.

पाण्याखालचे गव्हाचे शेत

शहर ओलांडून पाटण किंवा सिहोऱ्याच्या बाजूला गेल्यावर सपाट, काळ्या जमिनीचा प्रदेश लागतो. या प्रदेशाला ‘हवेली’ म्हणतात आणि तेथील शेतीच्या जुन्या रीतीलाही तेच नाव आहे. जमीन आणि पाणी यांचा एकत्र विचार कसा करता येतो, याचे ही रीत हे उत्तम उदाहरण आहे.

काळी चिकण माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की तिच्यात औत चालत नाही. म्हणून खरिपाचे पीक घेण्याचा आग्रह शेतकरी धरत नसत. शेताच्या चारही बाजूंना साधारण कमरेएवढे उंच मातीचे बांध घालून ते पावसाचे सगळे पाणी शेतातच साठवत. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत शेते लहान लहान तळ्यांसारखी दिसत. एखाद्या अनोळखी माणसाला पीक बुडाले असे वाटावे. पण बुडत होते ते तण. खोल मुळांचे ‘कांस’ नावाचे गवत, जे नांगरालाही दाद देत नाही, ते साचलेल्या पाण्यामुळे आटोक्यात राहत असे. माती वाहून जात नसे, आणि पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ शेतातच बसत असे. पाणी हळूहळू मुरून जमिनीत खोलवर ओल साठत असे.

ऑक्टोबरच्या आरंभी बांध फोडून पाणी सोडले जाई. हे कामही आपापल्या मर्जीने करता येत नसे. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून पुढे जाणार, तेव्हा कोणी केव्हा बांध फोडायचा, याचा क्रम शेजाऱ्यांनी आपसात ठरवावा लागे. जमीन वाफशावर आली की गहू, हरभरा, मसूर किंवा जवस पेरला जाई. पुढे एकही पाणी न देता, केवळ जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक हाती येई. खत नाही, विहीर नाही, निंदणीही फारशी नाही.

मग ही रीत मागे का पडली? तिच्यात वर्षाला एकच पीक मिळे, हे मुख्य कारण. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर संशोधन झाले आणि पुढच्या काळात मध्य प्रदेशात सोयाबीनचे पीक झपाट्याने पसरले. सोयाबीन पावसाळ्यात येते आणि त्याला साचलेले पाणी चालत नाही. शेतकऱ्यांनी बांध फोडले. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू अशी दोन पिके मिळू लागली. ज्या घराला मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण समोर दिसत आहे, त्याने दुसरे पीक नाकारावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बांध गेल्यामुळे पाणी शेतात थांबेना आणि जमिनीत ओल राहीना. रब्बीच्या गव्हाला आता पाणी द्यावे लागू लागले. त्यासाठी कूपनलिका आल्या. पूर्वी जे शेत भूजलात भर घालत होते, तेच शेत आता भूजलातून उपसा करू लागले. अलीकडे या भागात भाताचे आणि वाटाण्याचे क्षेत्रही बरेच आहे.

शेजाऱ्याने बांध फोडला, तर एकट्याने बांध राखणे कठीण जाते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. वरच्या शेतातून अवेळी सुटलेले पाणी खालच्या बांधावर येऊन आदळते. हवेली ही मातीच्या बांधांइतकीच शेजाऱ्यांच्या करारावर उभी होती. करार मोडला की बांध राहूनही उपयोग नसतो.

जुनी रीत जशीच्या तशी परत येणार नाही. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाने मात्र काळ्या जमिनीसाठी एक मधला मार्ग तयार केला आहे. त्यात शेतात आळीपाळीने उंच आणि खोलगट पट्टे काढले जातात. उंच पट्ट्यावर सोयाबीन घेतले जाते. तेथील जास्तीचे पाणी शेजारच्या खोलगट पट्ट्यात उतरते आणि तेथे भात होतो. पाणी शेताबाहेर जात नाही, सोयाबीनही कुजत नाही. पट्टे काढण्यास सुरुवातीला मेहनत आणि खर्च लागतो, त्यामुळे लहान शेतकऱ्याला ते एकट्याने करणे सोपे नसते.

कागदावरचे पाणी

पाण्याच्या जागेचे रक्षण शेवटी कागदपत्रांवर येऊन ठेपते. मध्य प्रदेशात खसरा आणि महाराष्ट्रात सातबारा उतारा जमिनीचा मालक, क्षेत्र आणि वापर सांगतो. गाव नकाशात ओढे, नाले आणि तलाव दाखवलेले असतात. विदर्भात आणि मध्य प्रदेशात ‘निस्तार पत्रक’ नावाचा आणखी एक दस्तऐवज असतो. गुरे चारणे, पाणी घेणे, सरपण आणणे अशा गावकऱ्यांच्या सामायिक हक्कांसाठी गावातील कोणती जमीन कशी वापरायची, याची नोंद त्यात असते. एखाद्या भूखंडाचा जाहिरातीतील नकाशा आणि जुना गाव नकाशा शेजारी शेजारी ठेवले, तर नवा रस्ता जुन्या नाल्यावरून जातो आहे का, हे साध्या नजरेलाही कळू शकते.

न्यायालयांनीही या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. हिंच लाल तिवारी यांच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाव ही समाजाची सामायिक संपत्ती असून तिचे रक्षण झाले पाहिजे, असे म्हटले. २०११ मध्ये जगपाल सिंह प्रकरणात पंजाबमधील एका गावतलावावरील घरांचे अतिक्रमण नियमित करण्यास न्यायालयाने नकार दिला आणि गावांच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे हटवण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. निर्णय चांगले आहेत. त्यांची अंमलबजावणी मात्र गावागणिक वेगळी दिसते.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांनी निर्णयाची वाट न पाहता काम सुरू केले. तेथील मालगुजारी तलावांमध्ये बेशरम नावाची झुडपे माजली होती आणि मासे कमी झाले होते. मासेमारीवर जगणाऱ्या धीवर समाजातील लोकांनी, त्यांतही महिलांनी पुढाकार घेऊन बेशरम मुळासकट उपटली आणि माशांना अन्न व आसरा देणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती तलावात पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती उथळ पाण्यात वाढते, कोणती खोल पाण्यात, कोणत्या माशाला कोणती लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. तिच्यात जलाशयातील गाळ काढून शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन पसरावा, अशी कल्पना आहे. तलाव खोल होतो आणि हलक्या जमिनीला कसदार माती मिळते.

अधारतालसारख्या दाट वस्तीत गाळ नेण्यासाठी शेते उरलेली नाहीत आणि पाणलोट मोकळा करण्यासाठी घरे हटवता येत नाहीत. तेथे छपरांकडेच पाणलोट म्हणून पाहावे लागते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर जबलपुरात वर्षभरात सुमारे एक लाख तीस हजार लिटर पाणी पडते. पन्हळीतून ते गाळणीच्या खड्ड्यात उतरवून विहिरीत किंवा कूपनलिकेजवळ मुरवले, तर काही पाणी वाया जाऊनही लाखभर लिटर पाणी जमिनीत जाऊ शकते. सांडपाण्याची नळी मात्र वेगळी ठेवावी लागते. ती पावसाच्या पन्हळीला जोडली गेली, तर तलावाची जी अवस्था झाली, तीच विहिरीची होते. फरक एवढाच, की विहिरीवर जांभळी फुले उगवत नाहीत आणि पाणी बिघडल्याचे घरात कोणीतरी आजारी पडेपर्यंत कळत नाही.